बुधवार दुपारचा हत्ती

पायऱ्या सांभाळून चढा, विटा झिजल्यात. चपला खाली काढल्यात ना? मग आता डावीकडे बघा. पायऱ्या संपतात तिथे लाकडी कठडा सुरू होतो, आणि त्या कठड्याच्या पहिल्याच खांबावरून मोठ्या कानांचं जे डोकं तुमच्याकडे टक लावून बघतंय, तो मी. सागवानी हत्ती. हत्ती म्हणजे डोकं, सोंड, कान आणि छाती. त्याच्या खाली खांब सुरू होतो. त्यामुळे पोटात गोळा येणं, पाय लटपटणं वगैरे माझ्या वाट्याला आलेलं नाही. पण आज सकाळी पोट असतं तर त्यात गोळा नक्की आला असता.

कारण आज मला दात बसवणार होते.

एकशे चाळीस वर्षं मी या दिवसाची वाट बघत होतो. आज इथे काय घडलं ते सांगायला मी नुसता उतावीळ झालोय, पण मधूनच सुरुवात केली तर तुम्हाला काही उमगायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुम्ही दमानं ऐका, मला काही दम धरवत नाही.

माझं झाड वरच्या डोंगरातलं. आमच्याकडे साग एकदम पाडत नाहीत. बुंध्याभोवतीची साल काढून झाड उभ्याउभ्या तीन वर्षं वाळवतात, मग पाडतात. पाडल्यावर मला ओढत नदीपर्यंत कुणी आणलं असेल? हत्तींनी. खऱ्याखुऱ्या, चालत्याबोलत्या हत्तींनी. त्यांच्यात एक भला मोठा दातवाला होता, तो दातांवर ओंडके तोलून धरायचा. पुढे जाऊन आपण कोण होणार हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, तरी त्याचे दात मात्र माझ्या मनात भरले. मग इरावतीतून तराफ्याबरोबर तरंगत मी या लेपांगोन गावी आलो. तेव्हा मंडालेला राजा होता.

गावात दॉ युन नावाच्या बाई होत्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. ताडाचा गूळ करून त्या होड्या भरभरून खालच्या गावांना पाठवायच्या. भाजक्या माशाचा तुकडा पानात पडला तर तो दिवस सणाचा, अशी राहणी. लोक त्यांना गुळवाली म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्यांचं मात्र एकच वेड होतं. आमच्याकडे जो विहार बांधून देतो त्याच्या नावाआधी जन्मभर ‘विहारदाता’ लागतं, बाई असली तर ‘विहारदाती’. चूल फुंकताना, गूळ ढवळताना दॉ युन हेच स्वप्न बघायच्या. साठी उलटली तेव्हा त्यांनी सगळा गाठीचा पैसा बाहेर काढला आणि विहाराचे खांब उभे राहिले.

कोरीवकामाला मंडालेहून ऊ पान ल्हा आले. सुकलेले, अबोल, तोंडात कायम विडा. पण हातात पटाशी आली की लाकूड बोलू लागायचं. दारांवर वेली, कोपऱ्यांवर मोर, छपराच्या कडेला नाचणाऱ्या अप्सरा, हे सगळं त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी केलं. शेवटी पायरीशेजारचा हा खांब राहिला. इथे विहारदातीच्या जन्मवाराचं जनावर कोरायचं ठरलं होतं.

हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे माणूस कुठल्या तारखेला जन्मला हे एक वेळ विसरतील, पण वार विसरत नाहीत. वारावरून नावाचं अक्षर, वारावरून देवळातली दिशा, वारावरून जनावर. सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह, गुरुवारचा उंदीर, शनिवारचा नाग. बुधवाराचे मात्र दोन तुकडे आहेत. दुपारी बारापर्यंत जन्मला तर त्याचा हत्ती दातवाला. बारानंतर जन्मला तर त्याच्यावर राहूची सत्ता, आणि त्याचा हत्ती बिनदाताचा.

ऊ पान ल्हांनी दॉ युनच्या भाच्याला विचारलं, “बाईंचा वार कोणता?”

भाचा माउंग चो कोंबड्यांच्या झुंजीला निघाला होता. जाताजाता म्हणाला, “बुधवार.”

झालं. सकाळ की दुपार हे त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. एवढा मोठा कारागीर, आमच्यातल्या शेंबड्या पोराला कळतं ते विचारायचं विसरला. अर्थात मला त्याचं काय? मी घडत होतो. पहिल्यांदा कान, मग सोंड, मग डोळे. आणि मग दात. तीन आठवडे त्या म्हाताऱ्यानं नुसत्या दातांवर घालवले. वर वळलेले, टोकाशी निमुळते, मध्ये कोरीव कडी, त्यावर सोन्याचा वर्ख. मी किती फुगलो होतो ते विचारू नका. समोरच्या अप्सरा माझ्याकडेच बघत नाचतायत असं वाटायचं.

विहार संघाला अर्पण करायचा दिवस उजाडला. ढोल, सनई, मोठमोठ्या कढयांतून माशांच्या रश्श्याचा वास. सगळं गाव लोटलं होतं. दॉ युन रेशमी लुंगी नेसून, गालाला चंदनासारखा थनाखा लावून पायऱ्या चढत वर आल्या. ऊ पान ल्हा हात जोडून उभे होते. त्यांनी माझ्यावरचं कापड ओढलं.

दॉ युनचं हसू मावळलं.

“हा कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“तुमचाच की, विहारदाती,” ऊ पान ल्हा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी त्या नावानं हाक मारली होती, आणि त्यांचं तिकडे लक्षच गेलं नाही. “मी बुधवारची खरी,” त्या म्हणाल्या, “पण दुपार टळल्यावरची.”

सनई थांबली. माउंग चो आपल्या पायाची बोटं निरखू लागला. ऊ पान ल्हांच्या तोंडातला विडा तसाच राहिला. ते कसेबसे म्हणाले, “आणखी एक लाकूड द्या. महिन्याभरात दुसरा करतो. पैसे नकोत.”

“आणि याचं काय करू? चुलीत घालू?” दॉ युन म्हणाल्या. “याला डोळे आहेत, कान आहेत, सोंड आहे. माझ्यासाठी आणखी एक झाड पाडायचं नाही. दात तेवढे काढ.”

“मी करवत लावू? माझ्या हातानं?”

“मग कुणाच्या? दात तुझे आहेत, माझे नव्हेत. आटप, बारानंतर भंते जेवत नाहीत, त्याआधी त्यांना बसवायचंय.”

ऊ पान ल्हांनी करवत घेतली. म्हातारा रडत होता, पण करवत सरळ चालली. आधी डावा, मग उजवा. मग कडा घासून गुळगुळीत केल्या, वर लाख भरली. हे सगळं अख्ख्या गावासमोर. तुमच्यात म्हणतात ना, हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. माझ्याकडे दाखवायचेच होते, तेही गेले.

मग दॉ युन पुढे आल्या आणि त्यांनी आपला गाल माझ्या गालाला लावून खोल श्वास घेतला. आमच्याकडे मुका असाच घेतात, ओठांनी नाही. गालाला गाल लावायचा आणि वास घ्यायचा. “आता झालास माझा,” त्या म्हणाल्या.

मी झालो नव्हतो. मी रुसलो होतो. चांगली वीस-तीस वर्षं माझा रुसवा टिकला. येणाराजाणारा प्रत्येक जण माझ्या तोंडाकडेच बघतोय असं वाटायचं. गावात बैलगाडीतून कुणी दातवाल्या हत्तीचं चित्र नेलं तरी मी मान फिरवली असती, मान फिरती तर.

पण त्याच दिवशी एक गोष्ट सुरू झाली होती, ती मी सांगायलाच हवी. बुधवार दुपारच्या माणसांना आमच्याकडे फार ऐकून घ्यावं लागतं. ती रागीट, ती हट्टी, त्यांच्या पायगुणानं दूध नासतं. भांड्याला भांडं लागलं की सासू म्हणणारच, “राहूची ना, तीच असणार.” दॉ युननी भर गावात आपला वार सांगितला, हत्तीचे दात कापून घेतले आणि त्याचा मुका घेतला, हे बघून संध्याकाळी एक बाई आपलं तान्हं शेल्याखाली लपवून घेऊन आली. बुधवार दुपारचं होतं ते. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि बाळाचा गाल माझ्या डाव्या गालाला टेकवला.

त्यानंतर रीतच पडली. बुधवारी बारानंतर जन्मलेलं प्रत्येक बाळ इथे यायचं, आणि गालाला गाल लावल्यावरच त्याचं नाव ठेवायचे. मोठी झाली तरी यायची. लग्नाच्या आदल्या दिवशी यायची, परगावी निघताना यायची. एक तरुण नावाडी दर पौर्णिमेला यायचा आणि मुका घेता घेता मला त्याच्या बायकोची गाऱ्हाणी सांगायचा. ती बिचारी सोमवारची होती. दरवर्षी विहाराला जमिनीतून निघणारं काळं तेल चोपडायचे, म्हणजे वाळवी लागत नाही. सगळा विहार काळाकुळकुळीत व्हायचा, माझा डावा गाल मात्र तपकिरी आणि चकचकीत राहायचा. त्यावर काळं टिकायचंच नाही.

हे सगळं मला आवडायचं का? आवडायचं. पण दर मुक्यागणिक मनात यायचं, दात असते तर अजून रुबाबदार दिसलो असतो. माणसांचं तरी वेगळं काय असतं? विहारात येऊन निर्वाण मागतात आणि उतरताना लॉटरीचं तिकीट घेतात.

मग नदी फिरली. एका वर्षी तिनं काठावरची सहा घरं नेली, पुढच्या वर्षी बाजार नेला. तिसऱ्या वर्षी लेपांगोननं गाशा गुंडाळला आणि पलीकडच्या तीरावर, उंचावर जाऊन बसलं. विहार टेकडीवर म्हणून वाचला, पण एकटा पडला. सुरुवातीला लोक होडीनं यायचे. मग म्हातारे थकले, तरुण शहरात गेले, आणि पलीकडे सिमेंटचा नवा विहार झाला, त्याला पंखे होते. तेल चोपडणं बंद पडलं. माझ्या दोन कानांमध्ये साळुंक्यांनी घरटं केलं. एक कुत्री दर हिवाळ्यात पायरीशी व्यायची, तिची पिल्लं माझा खांब कुरतडायची. बस, तेवढाच काय तो सहवास.

पाच वर्षांपूर्वी नंदिय भंते आले, पार खालच्या मुलखातून. इथल्या रीती त्यांना ठाऊक नव्हत्या, पण माणूस हौशी. त्यांनी घरटं न मोडता जाळ्या झाडल्या, पत्रं लिहिली, माणसं आणली. गेल्या हिवाळ्यात दुरुस्ती सुरू झाली आणि तिच्याबरोबर मा विन ले आली.

लाकूडकामात शिकून तयार झालेली बाई, वय तिशीचं, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ती लाकडाशी बोलते. कुजलेली फळी काढताना तिला म्हणते, “चल आता, तुझी नोकरी संपली.” सगळा विहार तपासत तपासत ती माझ्यापाशी आली, माझ्या तोंडावरची धूळ पुसली आणि थबकली.

“भंते, इकडे या. याचे दात कापलेत.”

“अस्सं?” भंते वाकून बघू लागले. “मी आलो तेव्हापासून तो असाच बोडका आहे.”

“चोरांनी नेले असणार. वर्ख होता, बघा, एक कण अजून अडकलाय.” तिचा आवाज चढला होता. “म्हणजे हा दातवाला हत्ती. बुधवारचा. माझा हत्ती हो हा.”

मा विन ले बुधवारची होती, सकाळची. पुन्हा तीच चूक. बुधवार म्हटल्यावर तिला आपलीच सकाळ दिसली, दुपार डोक्यातच आली नाही.

आता तुम्ही विचाराल, तू लबाडी केलीस का? मला बोलता येत नाही ही माझी सबब आहे. पण खरं सांगतो, बोलता आलं असतं तरी मी मूग गिळून गप्पच बसलो असतो. मला दात हवे होते.

तीन महिने ती संध्याकाळी इथेच पायरीवर बसून दात कोरत होती. जुन्या मोडक्या तुळईचं लाकूड घेतलं, म्हणजे रंग जुळेल. कड्यांची नक्षी तिनं दारावरच्या वेलीतून उचलली. ऊ पान ल्हांच्या तोडीचे नव्हते, पण त्यांनी बघून मान डोलावली असती. बाकी सगळं काम उरकलं. भंते म्हणायचे, “हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अन् आपलं शेपूट म्हणजे हा हत्तीच.”

आणि आज तो दिवस आला. सकाळी नऊला मा विन लेनं माझ्या तोंडातली जुनी लाख खरवडली आणि दोन्हीकडे भोकं पाडली. दुखलं नाही, गुदगुल्या झाल्या. मग डाव्या दाताच्या खुंटीला सरस लावला आणि मोगरीनं तीन हलके ठोके दिले. दात बसला. काय सांगू तुम्हाला. समोरच्या अप्सरांकडे मी असं बघितलं की त्यांची नाचताना पावलं चुकली असतील.

“अर्धा तास हात लावायचा नाही,” ती भंतेंना म्हणाली. “एकदा धरला की मग हा खांब तुटेल पण दात निघणार नाही. तोवर उजव्याला पॉलिश मारते.”

तेवढ्यात खाली होडीच्या इंजिनाचा आवाज आला.

आधी एक म्हातारी दिसली. नातीच्या खांद्यावर हात ठेवून, प्रत्येक पायरीला नदीला, गुडघ्यांना आणि नातजावयाला शिव्या घालत ती वर येत होती. तिला मी लगेच ओळखलं. दॉ यिन म्या. बाळ होती तेव्हा इथे आली होती, लग्नाआधी आली होती. आता अठ्ठ्याहत्तरची झालीय, अकरा वर्षं आली नव्हती. नात मा थुझाच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं महिन्याभराचं बाळ होतं. मागून नातजावई डब्यांचा मनोरा सांभाळत येत होता.

“अगं आजी, विसावा घे जरा,” मा थुझा म्हणाली.

“विसावा मेल्यावर. महिना झाला, पोरीला नाव नाही. तुझी सासू रोज फोन करून विचारते. म्हणे नाव ठेवा, नाहीतर मी ठेवते. ती ठेवणार होय? मंगळवारची मेली.”

तिनं भंतेंना नमस्कार केला, डबे पुढे ठेवायला लावले आणि कुणी काही बोलायच्या आत बाळ घेतलं. तिची नजर बाळावरच होती. मी कुठे आहे ते तिला बघावं लागत नाही, पायांना ठाऊक आहे. सरळ माझ्या डाव्या बाजूला आली आणि बाळाला माझ्या गालाशी नेलं.

टक्.

बाळाचं कपाळ माझ्या दातावर आपटलं. जोरात नाही, पण बाळानं भोकाड पसरलं. म्हातारीनं दचकून त्याला मागे ओढलं, पुन्हा बाजूनं प्रयत्न केला. दात आडवा. खालून केला. दात आडवा. बाळ लालबुंद होऊन रडत होतं आणि त्याचा गाल माझ्या गालापासून चार बोटं लांब होता. ती चार बोटं काही केल्या संपत नव्हती.

त्या क्षणी मला कळलं. एकशे चाळीस वर्षं डोक्यात जे शिरलं नाही, ते एका ठोक्यात शिरलं. दात असलेल्या हत्तीच्या गालाला कुणाचा गाल लागूच शकत नाही. हा दात राहिला, दुसराही बसला, तर लोक लांबून बघतील, वाहवा करतील, फोटो काढतील आणि निघून जातील. मला लाज वाटली आणि भीती वाटली. काढा हा दात, मी ओरडत होतो, काढा, सरस वाळतोय. पण आवाज कुठून आणू?

“हे काय आहे?” दॉ यिन म्या दात चाचपत होती. “हे कुणी लावलं?”

“मी, आजी,” मा विन ले उठून आली. “चोरांनी नेले होते, मी नवे केले. छान झालेत ना?”

“चोरांनी? पोरी, हे दात विहारदाती दॉ युननी कापायला लावले. हा बुधवार दुपारचा हत्ती आहे. आमचा.”

मा विन लेचा चेहरा उतरला. “पण त्याला दात होते. वर्खाचा कण सापडलाय. म्हणजे मूळ हत्ती दातवालाच. आम्हाला जे मूळ असेल तेच ठेवावं लागतं, आजी.”

“मूळ? मूळ तर झाड होतं. ते उभं करतेस?”

नातजावई हसला, मा थुझानं त्याला कोपरखळी मारली. बाळ रडतच होतं.

“आजी, तुम्ही सांगताय ते खरंही असेल. पण लिहिलेलं काही आहे का?” मा विन लेनं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. “मला माझ्या कागदात काय लिहू? एका आजींनी सांगितलं म्हणून काढले?”

“तू लाकडातली ना? मग मला सांग,” म्हातारी दात सोडून दुसऱ्या बाजूच्या भोकावर बोट ठेवत म्हणाली. “चोर कापतो तेव्हा कडा घासत बसतो का? वर लाख भरतो का?”

सकाळी खरवडलेली लाख अजून कागदावर पडली होती. मा विन लेनं एक खपली उचलली, उजेडात धरली, नखानं दाबून बघितली. मग मोर कोरलाय त्या कोपऱ्याकडे गेली, तिथल्या जुन्या लाखेशी ती खपली ताडून बघितली आणि परत आली.

“तीच आहे,” ती हळूच म्हणाली. “ज्यानं हत्ती केला त्यानंच दात कापले.” मग भंतेंकडे वळली. “भंते, मला हे तीन महिन्यांपूर्वीच दिसायला हवं होतं. बघून घेतलंच नाही मी. माझा हत्ती, माझा हत्ती करत बसले.”

“मी शनिवारचा,” नंदिय भंते म्हणाले. “तुमच्या हत्तींतलं मला कळत नाही. पण हे बाळ महिनाभर बिननावाचं आहे, आणि अकरा वाजत आलेत. मला जेवायचंय, तिला नाव हवंय. दोघांचंही तुझ्या हातात आहे.”

मा विन लेनं पुन्हा घड्याळ बघितलं. “पंचवीस मिनिटं झाली. आता निघेल की नाही...”

“ओढ,” दॉ यिन म्या म्हणाली.

मा विन लेनं दोन्ही हातांनी दात धरला आणि ओढला. हलला नाही. नातजावयानं डबे बाजूला सारले आणि माझे दोन्ही कान घट्ट धरले, का ते त्यालाच ठाऊक. मा विन लेनं पटाशीचं पातं फटीत सारलं, खालून मोगरीचा ठोका दिला. एक. दोन. सरस चरचरला. मी जीव खाऊन ढकलत होतो. लाकडाला ढकलता येत नाही म्हणतात, म्हणोत. तिसऱ्या ठोक्याला दात निघाला, बरोबर माझाही एक टवका गेला. जाऊ दे.

पहिल्यांदा दात गेले तेव्हा कारागीर रडला आणि मी रुसलो. आज कारागिरीण रडत होती आणि मला नाचावंसं वाटत होतं.

म्हातारीनं आधी शेल्यानं माझा गाल पुसला, सरसाचा डाग नखानं काढला. मग बाळाला आणलं. रडून रडून तापलेला, थनाखा फासलेला, दुधाचा वास येणारा गाल माझ्या गालाला टेकला. केवढासा तो गाल. बाळानं एक मोठा हुंदका दिला आणि रडं थांबवलं. मग शिंकलं, सगळं माझ्यावर.

“मा यून शिन,” दॉ यिन म्या त्याच्या कानात म्हणाली. नाव पडलं. मा थुझानं सासूला तिथल्या तिथे फोन लावला.

भंते जेवायला बसले तेव्हा मा विन ले माझ्याशेजारी उभी होती. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग म्हातारीला विचारलं, “आजी, सकाळच्यांनी मुका घेतला तर चालतो का?”

“सकाळच्यांचा हत्ती दातवाला. तुला याच्याकडे काय काम?” दॉ यिन म्या म्हणाली. मग तिच्या लाल डोळ्यांकडे बघून म्हणाली, “ये. उजव्या गालाचा घे, तो कोराच आहे.”

खरंच कोरा होता. माझं ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

होडी मघाशी गेली. माझ्या तोंडातली भोकं बुजवलीत, टवक्याच्या जागी अजून ओला लेप आहे, तेवढा बोटानं उकरू नका. ते नवे दात मा विन लेनं आत भंतेंच्या दाराशेजारी भिंतीत ठोकून दिलेत, त्यांवर त्यांची छत्री टांगलीय. इथून मला दिसते. भारी दिसतात हो ते दात. हेवा वाटत नाही म्हणालो तर खोटं होईल, जरा वाटतोच. पण छत्रीला गाल लावायला कुणी नदी ओलांडून येत नाही.

तुम्ही एवढे लांबून आलात. तुमचा वार कोणता ते मी विचारणार नाही. जरा पुढे या, वाका.